चाँदबीबी कोणाची?

धर्मापुरीत केदारेश्वराचं मंदिर आणि किल्ला पाहून मी धारूरला गेलो. दोन्ही गावं आमच्या बीड जिल्ह्यातलीच. धारूरच्या तटावर उभा असताना मला चाँदबीबी आठवली.

हा किल्ला 1567 च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वरखानाने बांधला. थोड्याच काळात अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाने तो जिंकला, किश्वरखान मारला गेला. मुर्तजा हा चाँदबीबीचा सख्खा भाऊ आणि विजापूरचा अली आदिलशाह तिचा नवरा. तिच्या लग्नात निजामशाहीने सोलापूरचा किल्ला आंदण दिला होता. आता माहेर जिंकलं म्हणून हसायचं की सासर हरलं म्हणून रडायचं?

1580 मध्ये अलीचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. दिराचा नऊ वर्षांचा मुलगा इब्राहिम तख्तावर बसला आणि चाँदबीबीने त्याला सांभाळलं. सत्तेच्या भांडणात तिने साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. पुढे ती माहेरी परतली.

1595 मध्ये याच इब्राहिम आदिलशाहाच्या फौजेशी लढताना अहमदनगरचा सुलतान मारला गेला. तोही तिचा भाचा, भावाचा मुलगा. त्याचंही नाव इब्राहिम! त्यानंतर अहमदनगरात तख्तासाठी जो तो आपला वारस पुढे करू लागला. मियाँ मंजूने अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवलं आणि वर अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावलं. चाँदबीबी मात्र मारल्या गेलेल्या भाच्याच्या लहानग्या मुलाच्या, बहादुरच्या बाजूने उभी राहिली.

मोगलांनी सुरुंगाने तट पाडला, तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी गेली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. मदतीसाठी तिने विजापूरला साकडं घातलं. भाच्याचं रक्त ज्या फौजेच्या हातावर होतं, तीच फौज तिने बोलावली. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल? 1596 मध्ये वऱ्हाड देऊन तिने तह केला, अहमदनगर वाचवलं.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढचं सांगताना आवाज खाली येतो.

1600 मध्ये मोगलांचा पुन्हा वेढा पडला. आता किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखलं होतं. किल्ला सोडून बहादुरला जुन्नरला सुखरूप न्यावं, असा तिचा विचार होता. ती मोगलांना फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच किल्ल्यातल्या लोकांनी महालात शिरून तिला मारलं.

आयुष्यभर दोन्ही घरांनी तिला एकच प्रश्न विचारला, तू कोणाची? तिने उत्तर कृतीने दिलं होतं. विजापुरात पोरका इब्राहिम आणि नगरात पोरका बहादुर, दोघांमागे तीच उभी होती. मात्र जमावाला हे उत्तर कधी पुरत नाही. त्याला संशय पुरतो.

त्याच ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादुरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. जुन्नर अहमदनगरहून काही फार लांब नव्हतं.