शलाका आणि मतपत्रिका : भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीचा एक विचार

भंडारा जिल्ह्यात, मध्यप्रदेशच्या सीमेला लागून, तुमसर तालुक्यातील बपेरा हे गाव आहे. १९५४ साली येथे राज्याची सीमा नव्हती. सारा भंडारा जिल्हाच मध्यप्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघातून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पोटनिवडणूक लढविली आणि तीत त्यांचा पराभव झाला. या घटनेचे स्मरण आपण बहुधा खेदानेच करतो. आम्हांस मात्र असे वाटते की, कायदेपंडित व विधिमंडळाचे जुने सदस्य या नात्याने बाबासाहेबांनी येथे जो दंडक पाळला, त्याचा विचार जय-पराजयापलीकडे जाऊन व्हावयास हवा.

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिलीस प्रारंभ केला. १९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य होते, तर १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे लोकांमधून निवडून आले. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी त्याच वर्षी मांडले आणि चवदार तळ्याच्या दाव्याचा अनुकूल निकालही उच्च न्यायालयाकडून त्याच वर्षी लागला. न्यायालय व विधिमंडळ ही दुर्बलांच्या हाती येऊ शकणारी साधने आहेत, ही त्यांची धारणा अशा अनुभवांतून दृढ झाली होती.

भंडाऱ्याची पोटनिवडणूकदेखील एका खटल्यातूनच उद्भवली. हा मतदारसंघ द्विसदस्य होता; एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळण्यात आला. महानुभाव पंथ स्वीकारल्याने ते महार राहिले नाहीत, असा आक्षेप होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला आणि पंथ बदलूनही ते महारच राहिले, असा निर्णय दिला. सर्वसाधारण जागेवरील विजयी उमेदवार चतुर्भुज जसानी यांच्या पेढीचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता. त्यामुळे तेही अपात्र ठरले. संपूर्ण निवडणूक रद्द झाली. श्रद्धा बदलली म्हणून समाजाने लादलेली जात सुटते काय, हा प्रश्न पुढे धम्मदीक्षेनंतर लक्षावधी बौद्धांसमोर उभा राहिला व अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळावयास १९९० साल उजाडावे लागले.

द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत. ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. यातूनच 'मत कुजविण्याची' युक्ती निघाली. आपल्या उमेदवारास एक मत द्यावयाचे आणि दुसरे कोणाच्याही उपयोगी पडू द्यावयाचे नाही. १९५२ साली उत्तर मुंबई मतदारसंघात बाबासाहेब काजरोळकरांकडून १४,५६१ मतांनी पराभूत झाले. तेथे ७४,३३३ मते वाया गेली होती. मते कुजविण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार करून बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला.

भंडाऱ्यात हेच दोघे पुन्हा उभे होते. मेहता सर्वसाधारण जागेसाठी, बाबासाहेब राखीव जागेसाठी. आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला. परंतु ज्याने संविधान घडविले त्याने मत वाया घालविण्यास सांगणे योग्य नव्हे, असे म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी आठवण चळवळीत आजवर सांगितली जाते. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले.

येथे विनयपिटकाचे स्मरण होते. भिक्खुसंघाला मतदान व गणपूर्ती ठाऊक होती, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. चुल्लवग्गात बहुमताने वाद मिटविण्याच्या 'येभुय्यसिका' या पद्धतीत शलाका वाटणारा भिक्खु कसा असावा, हे सांगितले आहे. छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा, असा तो असावा. मात्र एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. गुप्त पद्धतीत अधम्मवादी अधिक भरले, तर शलाका परत घेण्याची मुभा विनयाने दिली आहे. तेथे संख्येपेक्षा धम्म श्रेष्ठ. लोकशाहीत उमेदवाराला अशी मुभा नाही. मोजलेली संख्या प्रतिकूल असली तरी ती मानावीच लागते. म्हणूनच धम्म पाळावयाचा तो मतमोजणीपूर्वी, मतदाराला उपदेश करताना.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले. मत विकणे, ते जातीपायी अथवा भयापोटी देणे हे मात्र संपलेले नाही. प्रत्येक निवडणुकीत शलाका आपल्याच हाती असते. छंद, द्वेष, मोह व भय यांपैकी कशाने तो हात हलतो, हे ज्याचे त्याने पाहावे. भंडाऱ्यात बाबासाहेबांना जागा मिळाली नाही. पण तेथील मतदाराच्या दोन्ही मतांचे मोल त्यांनी कमी होऊ दिले नाही.