चाकांवरचे जुने घर

विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी कळंगुट, हणजुणे, वागातोर या बाजूचे किनारे पाहिले असतील, त्यांच्या स्मरणात माडांच्या सावलीत विसावलेली एक चौकोनी, बसकी मोटार राहिली असेल. पुढे बॉनेट नाही; सपाट तोंडावर व्ही आणि डब्ल्यू ही दोन रोमन अक्षरे एकावर एक बसविलेली; खिडक्यांना आतून पडदे आणि दाराशी दोरीवर वाळत घातलेले कपडे. मोटारीतून माणसे येतात आणि जातात हे सर्वांना ठाऊक होते. मोटारीत माणसे संसार मांडतात हे नवे होते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या श्रोत्यांना त्याचे तितके नवल वाटू नये. गाडीलोहारांची बिऱ्हाडे त्या प्रांतांत पिढ्यानुपिढ्या बैलगाडीवरच वाढली आहेत.

किनाऱ्यावर आलेल्या त्या गाड्यांपैकी पुष्कळशा युरोपात जुन्या म्हणून स्वस्तात घेतलेल्या आणि मालकाने आपल्या हाताने डागडुजी करून रस्त्याला लावलेल्या असत. अशी जुनी गाडी घेऊन ती उभी करण्याचा छंद आज जगभर पसरला आहे. त्यात हौसेने पडणारे पुष्कळ, आणि पदरचा पैसा घालवून बसणारेही थोडे नाहीत. फसण्याचे कारण बहुधा हे असते, की माणूस गाडीचा रंग पाहतो, तिचा जन्म कसा झाला हे पाहत नाही. म्हणून आरंभ जन्मापासून करतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीतील वोल्फ्सबुर्गचा मोटार-कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता आणि मेजर इव्हान हर्स्ट त्याची व्यवस्था पाहत होते. कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे नेण्यासाठी कामगारांनी छोट्या ‘बीटल’ मोटारीच्या सांगाड्यावर एक सपाट ढकलगाडीवजा वाहन तयार केले होते. बेन पॉन नावाचा डच व्यापारी तेथे आला असताना त्याच्या नजरेस ते पडले. २३ एप्रिल १९४७ रोजी त्याने आपल्या टिपणवहीत एक रेखाटन केले: एक पेटी, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सारी जागा मालाला मोकळी. ते पान आजही जपून ठेवलेले आहे. रेखाटन इतके साधे, की शाळकरी पोराने काढले असे वाटावे.

कागदावरून पत्र्यावर येताना मात्र अडचणी आल्या. पहिला नमुना ‘बीटल’च्याच तळावर उभारला होता, ओझ्याखाली तो तळ टिकला नाही. तेव्हा अभियंत्यांनी खालची चौकट आणि वरची काया एकत्र वेल्डिंग करून एकजीव केली. हा निर्णय श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. जुनी गाडी घेणाऱ्याचे भवितव्य पुढे याच निर्णयावर ठरते. ८ मार्च १९५० रोजी नियमित उत्पादन सुरू झाले. इंजिन अवघे ११३१ घनसेंटिमीटरचे, ताकद २५ अश्वशक्तीची. चढावावर बैलगाडीने पुढे जावे अशी तिची गत होई. पण ती थांबत नसे.

तिला घर बनविण्याचे श्रेय वीडेनब्रुक गावच्या वेस्टफालिया या संस्थेकडे जाते. १८४४ साली लोहारकामापासून सुरुवात करून ही संस्था पुढे गाड्या बांधू लागली होती. जर्मनीत नेमणुकीवर असलेल्या एका परदेशी लष्करी अधिकाऱ्याने सहलीसाठी सोय करून मागितली, असे सांगतात. त्यातून १९५१ साली ‘कॅम्पिंग बॉक्स’ निघाला. हे प्रकरण मोठे हुशारीचे होते. लाकडी कपाट, शेगडी आणि रात्री बिछाना होणारी आसने असा हा संच हवा तेव्हा बसवावा, हवा तेव्हा काढावा. सुतार-गवंडी आठवडाभर त्याच गाडीत हत्यारे वाहून नेई आणि शनिवारी बायकामुलांना घेऊन सरोवराकाठी मुक्कामाला जाई. युद्धात होरपळलेल्या देशात दोन गाड्या ठेवण्याची ऐपत कोणाला होती? वर उचलता येणारे कापडी छप्पर आणि इतर चैन नंतरची.

१९६७ पर्यंतच्या गाड्यांची पुढची काच दोन तुकड्यांची होती. त्यानंतर एकसंध, फुगीर काच आली. जाणकार गाडीचे वय प्रथम तेथेच ओळखतात.

आता खरेदीकडे वळू. यंत्रविद्येचा पंडित मी नव्हे. पण या विषयातील एक गोष्ट ऐकणाऱ्याला चटकन पटेल. इंजिन बिघडले तर ते बदलता येते. चार मोठे बोल्ट सोडले, वायर आणि नळ्या काढल्या, की दोन माणसांना ते खाली उतरविता येते. गंज मात्र बदलता येत नाही. काया आणि चौकट एकजीव असल्यामुळे खालचा पत्रा कुजला, की घराचा पायाच कुजला. छताच्या कडेची पन्हळ, पुढच्या काचेखालची पट्टी, दारांखालचे पट्टे, चाकांवरच्या कमानी, बॅटरी बसते तो तळ आणि जॅक लावण्याच्या जागा ही गंजाची जुनी ठाणी होत. बॅटरीतून सांडलेले आम्ल आपल्याखालचा पत्रा कसा खाते, हे आपल्याकडच्या ट्रकमालकाला वेगळे सांगायला नको.

विकणारा हे जाणतो. तो भोकात लांबी भरतो, घासतो आणि वरून आकाशी रंगाचा हात फिरवितो. म्हणून घेणाऱ्याने खिशात एक साधे लोहचुंबक ठेवावे. पत्र्याला ते चिकटते, लांबीला चिकटत नाही. चुंबक घेऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा आणि मग विजेरी घेऊन गाडीखाली उताणे पडून पाव तास. या दोन गोष्टी जो लाजेस्तव टाळतो, त्याचे वर्षभराचे उत्पन्न वेल्डिंगवाल्याकडे जाते. विकणारा गाडीखाली जाऊ देत नसेल, तर चहा घेऊन परत फिरावे.

इंजिन हवेने थंड होणारे. पाणी नाही, रेडिएटर नाही. एक पंखा आणि हवेला वाट दाखविणारे पत्रे, बस्स. हे पत्रे आणि त्यांच्या कडेचे रबर क्षुल्लक वाटतात, म्हणून दुरुस्ती करणारे ते हरवितात. मग खालची तापलेली हवा पुन्हा वर ओढली जाते आणि इंजिन आपल्याच उष्म्यात शिजते. जुन्या रचनेत तिसऱ्या सिलिंडरचे दुखणे प्रसिद्ध आहे. ऑइल थंड करण्याचे यंत्र त्याच्या हवेच्या वाटेत उभे असल्याने त्याच्या वाट्याला कमी आणि ऊन हवा येते. जळका वायू बाहेर सोडणारा त्याचा व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि एक दिवस तुटतो. परंतु तुटण्याआधी तो सांगतो. व्हॉल्व्हची फट दर पाच हजार किलोमीटरला थंड इंजिनावर मोजावी. १६०० घनसेंटिमीटरच्या इंजिनात ती ०.१५ मिलिमीटर असावी. तिसऱ्याची फट पुन्हा पुन्हा कमी भरू लागली, की घाट चढण्याआधी दुरुस्ती करावी.

हे ज्ञान कारखान्यांच्या बाहेर सामान्यांपर्यंत नेले ते जॉन मूर या अमेरिकन अभियंत्याने. (निसर्गप्रेमी म्हणून गाजलेले मूर निराळे.) त्याचे फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी हे पुस्तक १९६९ साली निघाले. ज्याने कधी पाना हाती धरला नाही अशा माणसासाठी ते लिहिलेले असून पीटर आशवांडन याच्या चित्रांनी सजलेले आहे. गाडीचे म्हणणे ऐका, असा त्याचा एकंदर सूर आहे.

एक बाब सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. पेट्रोलच्या रबरी नळ्या वयाने कडक होऊन तडकतात. थेंब तापल्या इंजिनावर पडतो आणि मागच्या मागे आग लागते. इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असल्याने ते एकदा पेटले, की पाण्याने उलट भडकते. आत झोपलेली मुले असतात, हे लक्षात घ्यावे. जुनी गाडी घरी आणली, की पडदे शिवण्याआधी सगळ्या नळ्या बदलाव्यात आणि शेगडीच्या गॅसचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. हा खर्च फारसा नाही. पण तो दिसत नाही, म्हणून लोक टाळतात.

आणखी एक कुतूहलाची वस्तू. पुढच्या आसनाच्या मागच्या बाजूस बऱ्याच गाड्यांत अंक कोरलेली एक लहानशी धातूची पट्टी असते. ती कधी तयार झाली, मूळ रंग कोणता, कोणत्या देशासाठी रवाना झाली, हे सारे त्या अंकांत दडलेले असते. जन्मपत्रिकाच म्हणा. तीन थर रंग खरवडून खाली मूळ हिरवा निघावा आणि पट्टीनेही हिरवाच सांगावा, हा आनंद ज्याने अनुभवला त्याला खर्चाचा हिशेब विचारू नये.

आपल्या किनाऱ्यावर या गाड्या आल्या त्या इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, खैबर, लाहोर, दिल्ली या मार्गाने. वाटेत त्या पुष्कळदा मोडत, आणि तारेने, साबणाने, कातड्याच्या तुकड्याने नीट होत. सीमेवर ‘कार्ने’ नावाचे जामीनपत्र दाखवावे लागे: जकात न भरता आत आणलेली गाडी मुदतीत परत बाहेर नेईन, असे त्यात बंधन. म्हणून येथे पैसे संपलेल्या प्रवाशाला आपले घड्याळ विकता येई, कॅमेरा विकता येई. घर मात्र विकता येत नसे.

१९७९ साली इराणात क्रांती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. तो रस्ता बंद झाला. जर्मनीतील त्या नमुन्याचे उत्पादनही १९७९ सालीच थांबले. ब्राझीलमध्ये मात्र ही गाडी ‘कोंबी’ नावाने निघत राहिली, शेवटी शेवटी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासह. २०१४ पासून तेथे प्रत्येक नव्या मोटारीत एअरबॅग आणि घसरण रोखणारे ब्रेक सक्तीचे होणार होते. त्या सपाट तोंडात ते बसविणे जमण्यासारखे नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये तेथील कारखान्यानेही ते काम बंद केले. त्यानंतर हे घर ज्याला हवे, त्याला ते जुनेच घ्यावे लागते.