केदारखेडा : गावठाण, जमीनवापर व रस्ते

केदारखेडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पूर्णा नदीकाठचे गाव. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाणारा रस्ता या गावावरून जातो. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होता. अशा हमरस्त्यावरच्या गावांत वस्ती वाढते तेव्हा घरे कोठे बांधायची, शेती कोणती राखायची आणि रस्त्याला जागा कोणी सोडायची, हे प्रश्न ग्रामसभेपासून तहसीलपर्यंत सर्वांपुढे येतात. या प्रश्नांवरील निर्णयांची चौकट या नोंदीत दिली आहे.

गावठाण व बिगरशेती : वस्तीसाठी राखलेली जागा म्हणजे गावठाण. त्याची हद्द महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार ठरते. कुटुंबे वाढली की घरे गावठाणाबाहेर सरकतात, आणि पहिली मागणी रस्त्याकडेच्या गटांना येते. संहितेच्या कलम ४२ ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन रूपांतर कर भरल्यावर निवासी वापरासाठी बिगरशेती मानली जाते. त्यामुळे सामान्य माणसाचे हेलपाटे कमी झाले. मात्र बिगरशेतीची सनद हाती आली म्हणजे घरापर्यंतचा रस्ता मिळाला, असे होत नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांनी जागा विकली गेली आणि रस्ता तोंडी ठरला, तर पुढच्या पिढीच्या वाट्याला वाद येतो. मंजूर रेखांकनात रस्ते आधी आखावे लागतात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत निवासी रेखांकनातील अंतर्गत रस्त्याची रुंदी त्याच्या लांबीप्रमाणे वाढत जाते.

रस्त्यांचे प्रकार : राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते प्रामुख्याने जिल्हा परिषदेकडे असतात. मोठ्या रस्त्यांलगत इमारत रेषा व नियंत्रण रेषा पाळावी लागते, म्हणजे बांधकाम रस्त्यापासून ठरलेल्या अंतरावर ठेवावे लागते. दुकानाचा ओटा आज रस्त्याला भिडला, की उद्या रुंदीकरणात तोच आधी तुटतो. शिवारातील रस्त्यांचा पुरावा गावनकाशात सापडतो. नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंद धरला जातो आणि एकेरी तुटक रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फूट. हे आकडे मोजणीच्या साखळीतून आले आहेत. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट आणि चार आणे म्हणजे सव्वाआठ.

रस्ता प्रत्यक्ष अरुंद होतो तो नांगराच्या तासाने. दोन्ही बाजूंनी दरवर्षी एकेक तास आत सरकते, बांध झिजतो, आणि बैलगाडीच्या वाटेवरून मळणीयंत्र जाईनासे होते. ओल्या काळ्या मातीतून कापूस-मका काढून आणणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

निर्णय व वाद : गावात बांधकामाला परवानगी देणे आणि सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण काढणे हे अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५९ च्या अनुक्रमे कलम ५२ व ५३ मध्ये आहेत. वहिवाटीचा रस्ता अडवला गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. शेताला रस्ताच नसेल तर महसूल संहितेचे कलम १४३ लागू होते. त्यानुसार तहसीलदार बांधावरून रस्ता देताना अर्जदाराची गरज आणि शेजाऱ्याचे नुकसान दोन्ही तोलतो. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणी मागितली जाते. भूकरमापक यंत्र लावतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि लगतच्या खातेदारांसमक्ष पंचनामा होतो. समोरासमोर झालेली मोजणी अनेकदा वर्षांची भांडणे मिटवते.

शेतांकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. मंजूर शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचे धोरण २०२५ मध्ये आले. ही नोंद मोलाची आहे, कारण जमीन विकली गेली तरी रस्ता कागदावर टिकतो.

पुढील वाढ : ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. या प्रकल्पाच्या पट्ट्यात भोकरदन तालुका येतो. अशा प्रकल्पाची चाहूल लागताच जमिनीला भाव चढतो आणि तुकडे पडू लागतात. संपादित जमिनीचा मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ठरतो. पण प्रकल्पाबाहेरच्या गावरस्त्यांची काळजी गावालाच घ्यावी लागते. ग्रामसभेने गावनकाशा भिंतीवर लावून जुने रस्ते बोटाने दाखवावेत, स्मशानभूमी, शाळा व गायरानाच्या वाटा ठरावात लिहाव्यात आणि हे सर्व प्लॉट पडण्यापूर्वी करावे. भिंती उभ्या राहिल्यावर रस्ता मागणे म्हणजे शेजाऱ्याचे घर मागणे. रान मोकळे असताना तोच रस्ता दोन्ही बांधांनी थोडे मागे सरून देता येतो.