नोंदीचा क्रमांक कोणाच्या हाती? : फेरफार वही ते डेटाबेस

प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यासक दप्तरातील नोंद वाचतो. नोंदीच्या डाव्या कडेला असलेल्या क्रमांकाकडे त्याचे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः नोंद पुन्हा सापडणे वा न सापडणे हे त्या क्रमांकावरच अवलंबून असते. हा क्रमांक नोंद करविणारी व्यक्ती ठरवीत नाही, तर नोंदवही ठरविते. मग तो त्या व्यक्तीपर्यंत पोहोचतो कसा? संगणकशास्त्रात हा प्रश्न डेटाबेसमध्ये ओळ घातल्यानंतर आपोआप तयार झालेली 'की' परत मिळविण्याचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. आपल्या महसूल दप्तराला तो शतकापूर्वीच पडलेला होता. प्रस्तुत लेखात या दोन्ही परंपरा एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या आहेत.

फेरफार वही

गेवराई तालुक्यातील उमापूर येथील शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. वडिलांच्या निधनानंतर तो वारसाची वर्दी देतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अशी वर्दी देणे आवश्यक असून तलाठ्याने (आताचे ग्राम महसूल अधिकारी) तिची लेखी पोच तत्काळ द्यावयाची असते. त्यानंतर कलम १५० प्रमाणे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार वहीत, नोंद होते आणि तिला पुढचा अनुक्रमांक मिळतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आल्यास ती नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत, स्वतंत्रपणे चढते. हस्तलिखित सातबाराच्या काळात हा फेरफार क्रमांक सातबारावर आधी पेन्सिलीने लिहीत. नोंद प्रमाणित झाल्यावर तो शाईने पक्का होई, जुन्या नावाला कंस पडे व नव्या नावाजवळ वर्तुळात क्रमांक येई.

येथे एक बारकावा आहे. पोच मिळाली म्हणजे वर्दी पोहोचली एवढेच सिद्ध होते. नोंद कोणत्या क्रमांकाने पडली हे त्यावरून कळत नाही. नाव न चढल्यामुळे ज्याचे पीककर्ज अडले त्याला हे अंतर किती मोठे आहे ते सांगावे लागत नाही. चावडीत जाऊन 'शेवटचा फेरफार कोणता?' असे विचारले आणि त्याच दिवशी आणखी एका खातेदाराची नोंद झालेली असली, तर मिळालेला क्रमांक दुसऱ्याचाच निघण्याचा संभव. शिवाय फेरफाराचा अनुक्रम गावनिहाय असतो; गावाचे नाव सोडून नुसता क्रमांक सांगितल्यास त्याला काही अर्थ उरत नाही.

मराठवाड्याचा वारसा

मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाची पद्धत १९०३ च्या कायद्याने आली व १९१३ मध्ये ती जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट झाली. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा लागू होता; अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र विनियम १३५८ फसली, म्हणजे सुमारे १९४८-४९, इतका उशिरा झाला. १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि वर्षागणिक होणारी पाहणी पत्रके हीच मराठवाड्यातील जमीनहक्काच्या अभ्यासाची मुख्य साधने होत. पाहणी पत्रकात दिसते ती त्या वर्षाची स्थिती. दोन वर्षांची पाने शेजारी ठेवल्यावर कब्जेदार बदलला एवढे कळते; तो का व कोणत्या व्यवहाराने बदलला, याचा दुवा पुष्कळदा हाती लागत नाही. पुढे एकत्रीकरण योजनेत अनेक गावांतील सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले आणि जुनी किल्लीही बदलली. ९(३), ९(४) च्या उताऱ्यांवरून ती जुळविताना कसलेल्या कारकुनाचाही दिवस जातो.

सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातील जुने दप्तर कुणबी नोंदींसाठी पुन्हा उघडले गेले, तेव्हाही अडचण याच जातीची होती. नोंद सापडणे हे काम निम्मेच. त्या नोंदीतील माणूस आणि आज अर्ज करणारा माणूस यांना जोडणारा धागा वंशावळीतून सिद्ध करावा लागतो. कारण कोणताही क्रमांक त्या माणसाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला नसतो.

यंत्रातील क्रमांक

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यात प्रत्येक ओळ तिच्या 'की'ने ओळखली जाते. नाव वा गाव यांवरून ओळखण्याऐवजी यंत्राने स्वतःच निरर्थक पण अद्वितीय क्रमांक द्यावा, ही कल्पना त्यांच्या १९७९ च्या निबंधात पर्यायी कीच्या रूपाने येते. मात्र ओळ घातल्यावर तिचा क्रमांक मागायचा कसा, याची उत्तरे उत्पादनागणिक वेगळी निघाली. नवशिका प्रोग्रॅमर सर्वांत मोठा क्रमांक विचारतो, आणि चावडीतील शेतकऱ्यासारखाच दुसऱ्याचा क्रमांक घेऊन परततो. मायएसक्यूएलमधील 'लास्ट इन्सर्ट आयडी' हे फलन म्हणून केवळ त्याच जोडणीपुरता क्रमांक देते. एकाच आज्ञेत अनेक ओळी घातल्यास त्यांतील पहिलीचाच. एसक्यूएल सर्व्हरमधील जुन्या 'आयडेंटिटी' चलाची गोष्ट अधिक मौजेची आहे. मूळ ओळीमुळे ट्रिगरने दुसऱ्या तक्त्यात ओळ घातली, तर हे चल त्या दुसऱ्या तक्त्याचा क्रमांक सांगते. जणू फेरफार विचारावा आणि ६-अ च्या वहीतला क्रमांक हाती पडावा. 'स्कोप आयडेंटिटी' हा त्यावरील उपाय होय. जावासाठी जेडीबीसी ३.० ने २००२ मध्ये तयार झालेल्या की मागण्याची एकसारखी पद्धत दिली आणि पोस्टग्रेएसक्यूएलच्या ८.२ आवृत्तीत, २००६ मध्ये, 'रिटर्निंग' आले. त्यात ओळ घालणाऱ्या आज्ञेच्या उत्तरातच क्रमांक परत येतो. पोच आणि क्रमांक एकाच कागदावर, असे तलाठी दप्तराच्या भाषेत म्हणता येईल.

ई-फेरफार प्रणालीत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची माहिती संगणकानेच महसूल दप्तरात जाते, आणि 'आपली चावडी' या पृष्ठावर फेरफाराची नोटीस क्रमांकासह घरबसल्या पाहता येते. सोय निःसंशय मोठी आहे. पण पृष्ठ उघडून आपले गाव व आपला फेरफार शोधण्याचे काम अजून खातेदाराकडेच राहते, आणि ज्याच्याकडे ते साधन नाही तो पूर्वीप्रमाणेच चावडीची पायरी चढतो.

एका बाबतीत मात्र जुनी वही यंत्राहून उजवी ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डेटाबेसमधील व्यवहार मध्येच फिरवला तर दिलेला क्रमांक सहसा वाया जातो. मागे रिकामी जागा तेवढी उरते, कारण उरत नाही. फेरफार वहीत रद्द झालेली नोंदही आपल्या क्रमांकासह जागेवर राहते आणि शेऱ्यात प्रमाणन अधिकारी रद्द करण्याचे कारण लिहितो. एम.फिल.च्या वेळी जुन्या वह्या चाळताना भावाभावांतील वाद, न मिळालेली संमती, बहिणीच्या हक्काचा उल्लेख हे सर्व प्रस्तुत लेखकाला मंजूर नोंदींपेक्षा या रद्द नोंदींतच अधिक आढळले.