मिडी आणि महाराष्ट्रातील ध्वनिमुद्रण

मिडी : इलेक्ट्रॉनिक वाद्ये, संगणक आणि ध्वनिमुद्रणाची यंत्रे एकमेकांना जोडणारी अंकीय संकेतप्रणाली. 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' या नावाच्या आद्याक्षरांवरून ती मिडी म्हणून ओळखली जाते. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. वादनाच्या सूचना जातात. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच. त्यावर नाद कोणता उमटवायचा ते पलीकडचे यंत्र ठरवते. वादन आणि नाद यांची ही फारकत १९८३ साली झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईच्या स्टुडिओंत कोण बसणार, हेच तिने बदलून टाकले.

त्याआधी प्रत्येक कंपनीची तार वेगळी असे. मुंबईत याचा उत्तम दाखला आहे. चित्रपटसंगीतात गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा संग्रह ध्वनिमुद्रित केला. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसयंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. तिन्ही रोलंड कंपनीची होती, म्हणूनच ती एका लयीत चालू शकली. त्यावर यमन, भैरव, मालकंस असे राग वाजवले गेले. खप बेताचाच झाला. शिकागोत पुढे जन्मलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' शैलीशी या रेकॉर्डचे साम्य इतके आहे, की २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर तिची जगभर चर्चा झाली. तबकडीवरचे ते काम मिडीच्या उंबरठ्यावरचे आहे.

जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतील वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ असे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका मिडी तारेने जोडून दाखवण्यात आले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघांना या कामासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळाले. मिडी सर्वांना खुली ठेवण्याचा त्यांचा निर्णय मूळ शोधाइतकाच मोलाचा होता.

संकेताची रचना साधी आहे. एक स्वर सुरू करायला तीन बाइट लागतात. पहिला सांगतो 'वाजव' आणि सोळांपैकी कोणत्या चॅनेलवर. दुसरा पट्टीचा क्रमांक देतो, मधल्या पांढरी एकचा ६०. तिसरा जोर सांगतो, १२७पर्यंत. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने हा निरोप एक मिलिसेकंदाच्या आत पोहोचतो. मींड काढायची तर 'पिच बेंड'चे चाक फिरवावे लागते, आणि इथे आपल्या संगीताची खरी अडचण होती. हा हुकूम सबंध चॅनेलला लागू होतो. वरचा गंधार ओढला, की त्याच चॅनेलवर खाली धरलेला षड्जही सरकतो. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळवण्याची सोय मूळ प्रणालीतच यायला २०२० सालच्या मिडी २.०ची वाट पाहावी लागली.

मुंबईत ताडदेवचे फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब, फोर्टातले वेस्टर्न आउटडोअर ही त्या काळातली मोठी नावे. जुन्या पद्धतीत गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र बसून टेक देत. एकाचा सूर चुकला की गाणे पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅक टेपने ही सक्ती सैल केली होती, मिडीने ती जवळजवळ संपवली. चोवीस ट्रॅकच्या टेपवर एका कडेच्या ट्रॅकवर टाइमकोड, म्हणजे वेळेचा संकेत, भरला जाई. त्याची कर्कश किरकिर गाण्यात झिरपू नये म्हणून शेजारचा ट्रॅक बहुधा मोकळा ठेवत. टेप फिरू लागली, की तो कोड वाचत सिक्वेन्सर, म्हणजे मिडीच्या सूचना साठवणारे यंत्र, बरोबर त्याच मात्रेवर सिंथेसायझर वाजवू लागे. हे वादन टेपवर घेण्याची गरजच नव्हती. शेवटच्या क्षणी बासरीच्या जागी व्हायोलिन घेता येई, लय वाढवली तरी सूर चढत नसे.

याची किंमत वादकांनी मोजली. व्हायोलिनची रांग, ब्रास, तालवाद्यांचा ताफा यांची कामे नव्वदच्या दशकात झपाट्याने आटली आणि 'प्रोग्रॅमर' हा नवा पेशा उभा राहिला. ग्रेगरी बूथ यांनी 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात मुंबईच्या वादकांच्याच तोंडून हा इतिहास नोंदवला आहे. मराठीत असे काम व्हायला हवे, कारण या वादकांपैकी कितीतरी जण मराठी गाण्यांतही वाजवत होते. उलट दिशेचे उदाहरणही मराठीतच सापडते. 'सैराट' या चित्रपटासाठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर जिवंत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला.

स्टुडिओबाहेर मिडी गावोगावी पोहोचली ती मुख्यतः ऑक्टोपॅडमधून. रोलंडच्या १९८५च्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ पॅडवर काठी पडली की मिडीचा संकेत निघे आणि नाद दुसऱ्या यंत्रातून येई. पुढच्या मॉडेलांत आवाज आतच आले. १९९८च्या एसपीडी-२०मध्ये ते सातशे होते. नाशिक जिल्ह्यात देवळा, सटाणा, कळवण या पट्ट्यात आज वरातीपुढच्या बँडगाडीवर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड हमखास दिसतात. १९९१मध्ये ठरलेल्या 'जनरल मिडी'च्या १२८ वाद्यांत सतार १०५व्या आणि सनई ११२व्या क्रमांकावर आहे. तबला आणि ढोलकी मात्र कुठेच नाहीत. पुढे कंपन्यांनी भारतासाठी वेगळे कीबोर्ड काढले, त्यांत या वाद्यांचे ताल घातले. डांग-सुरगाण्याकडच्या आदिवासींच्या पावरी या फुंकवाद्याच्या धुना तर या गाड्यांवर कीबोर्डवरच वाजतात: उजवा हात पट्ट्यांवर, डावा पिच बेंडवर. धून एकेरी असते, एका वेळी एकच स्वर. त्यामुळे १९८३च्या प्रणालीतली ती अडचण इथे आड येत नाही.