केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, माटुंगा

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कृषी अभियांत्रिकी विभागाच्या अधिकारातील, सरकारी द्रव्यावर चालणारी संशोधनसंस्था. मुख्य ठाणे मुंबईतील माटुंगा. स्थापना ३ डिसेंबर १९२४. कापसाच्या बोंडातून रुई निघाल्यापासून तिचे सूत होईपर्यंतच्या सर्व क्रियांचा, तसेच सरकी व पऱ्हाटी या अवशिष्ट जिनसांच्या उपयोगाचा अभ्यास हे तिचे कार्यक्षेत्र होय.

हिंदुस्थानात पिकणारा कापूस बहुतांशी आखूड धाग्याचा, आणि जो थोडा लांब धाग्याचा पिके त्यातही वाटेत हलक्या मालाची भेसळ व्हावयाची, अशी स्थिती असल्यामुळे सरकारने १९१७ साली एक चौकशी समिती नेमली. तिच्या १९१९ च्या अहवालातील शिफारशीवरून १९२१ मध्ये हिंदी मध्यवर्ती कापूस समिती अस्तित्वात आली, आणि १९२३ च्या कायद्यान्वये निर्यात होणाऱ्या व देशी गिरण्यांत खपणाऱ्या रुईवर बसविलेल्या पट्टीतून तिच्या खर्चाची तजवीज झाली. ज्या पिकाची सेवा करावयाची त्याच पिकाच्या गाठींतून हा पैसा उभा राहिला, ही गोष्ट या संस्थेच्या इतिहासात विसरता येण्याजोगी नाही. समितीने माटुंग्यास ‘टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरी’ या नावाने प्रयोगशाळा बांधली व तिचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अपोलो बंदरावरील गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन केले. त्या दोन इमारतींपैकी एकीचीच कीर्ती जगभर झाली. वऱ्हाड-खानदेशाच्या शेतकऱ्याच्या कामी मात्र दुसरी आली.

तोवर रुईची पारख व्यापाऱ्याच्या बोटांत होती. मुठीतील रुईचा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्यांत व तर्जनींत धरून ओढावा, पुन्हा जुळवावा, पुन्हा ओढावा, आणि अखेरीस समांतर झालेल्या तंतूंची झुलूप काळ्या कापडावर ठेवून तिची लांबी नजरेने ठरवावी, अशी ती रीत; तिच्यातील कौशल्य खरोखर थोर असले, तरी ते माणसागणिक बदले आणि त्या माणसाबरोबरच जाई. कृषिखात्यातील संकरकाराची अडचण तर याहून बिकट होती. नवे वाण किती पिकते व त्याचा रुईचा उतारा किती हे त्याला शेतावर कळे, परंतु त्याचे सूत कसे निघेल हे कळावे तर गिरणीला पुरेल इतका माल हवा, आणि नव्या वाणाची रुई सुरुवातीस मिळे ती अगदी थोडी. अल्पशा नमुन्यावरून सूत काढून, ते कोणत्या नंबरापर्यंत, म्हणजे बारीकपणाच्या मापापर्यंत, पुरेसे मजबूत उतरते याचा निर्णय देणारी पद्धत पहिले संचालक आर्थर जेम्स टर्नर यांच्या कारकीर्दीत बसविली गेली, आणि ‘हायेस्ट स्टँडर्ड वॉर्प काउंट’ हा तिचा निकष पुढे कापूस-संशोधकांच्या रोजच्या बोलण्यातला झाला. संस्थेची सर्वांत मोठी कामगिरी हीच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण तिच्यामुळे वाण निवडणाऱ्याला गिरणीचा निकाल पेरणीच्या फैलावापूर्वीच हाती मिळू लागला. टर्नर यांच्यानंतर संचालकपदी आलेले डॉ. नझीर अहमद हे केंब्रिजला रदरफर्ड यांच्या हाताखाली शिकलेले भौतिकीविद असून, फाळणीनंतर पाकिस्तानच्या अणुशक्ती आयोगाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

रुईच्या व सुताच्या अशा परीक्षेस हवामान स्थिर लागते. ओलावा वाढला की कापसाचा तंतू अधिक बळकट होतो. तेव्हा आषाढात घेतलेले माप माघातल्या मापाशी जुळावयाचे तर दालनातील हवाच बांधून ठेवली पाहिजे. आज भारतात यासाठी २७ अंश सेल्सिअस तापमान व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता प्रमाण धरतात.

१९४७ च्या फाळणीत सिंध व पश्चिम पंजाब येथील चांगल्या कापसाचा मुलूख पाकिस्तानात गेला, गिरण्या मात्र बहुतेक इकडेच राहिल्या. त्यामुळे लांब धाग्याच्या वाणांची निकड एकाएकी वाढली व त्या ओघात माटुंग्याच्या चाचण्यांचे महत्त्वही. १९६६ मध्ये मध्यवर्ती समिती बरखास्त होऊन प्रयोगशाळा अनुसंधान परिषदेच्या सुपूर्त झाली आणि १९९१ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. नागपूर, सुरत, धारवाड, गुंटूर, कोइमतूर व सिरसा येथे तिची प्रादेशिक केंद्रे निघाली.

नागपूरचे केंद्र जिनिंगच्या, म्हणजे रुई व सरकी वेगळी करण्याच्या, शिक्षणासाठी विशेष प्रसिद्ध आहे. आपल्याकडील दुहेरी रुळांच्या जिनमध्ये रुळावर चामड्याच्या चकत्या बसविलेल्या असतात. रूळ फिरताना त्यांना रुई चिकटते, स्थिर सुरीपाशी सरकी अडते व चालत्या सुरीच्या ठोक्याने खाली पडते. हे चामडे क्रोमियमने कमावलेले असल्यामुळे घासून त्याची जी भुकटी उडते ती रुईत मिसळते आणि जिनवर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या छातीत जाते. म्हणून क्रोमियमरहित रबरी रूळ तयार करण्याचे काम संस्थेने हाती घेतले. वेचणी आटोपल्यावर जी पऱ्हाटी शेतकरी चुलीत घालतो किंवा बांधावरच पेटवून देतो, तिच्या भुशापासून दाबून फळ्या बनविण्याची कृतीही या संस्थेतच सिद्ध झाली.