वैयक्तिक संगणक उद्योग : साठवण व स्पर्धा

एका व्यक्तीच्या वापराचे मेजावरील व सुवाह्य (लॅपटॉप) संगणक बनविणे, त्यांच्या भागांची जुळणी करणे आणि ते विकणे, या व्यवसायास वैयक्तिक संगणक उद्योग असे म्हणतात. वीजपुरवठा बंद झाल्यावरही माहिती टिकवून धरणारा संगणकाचा भाग म्हणजे साठवण होय. या उद्योगातील स्पर्धा मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून राहिली आहे : एक, सुटा भाग किती उत्पादक बनवितात आणि दुसरी, एका उत्पादकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसतो की नाही. साठवणीच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

पूर्वेतिहास : चुंबकीय तबकडीवर माहिती साठविणारा पहिला व्यापारी संगणक आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणला. त्यात ५० तबकड्या असून त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. १९८० मध्ये सीगेट कंपनीने छोट्या संगणकात बसणारी ५ मेगाबाइटची तबकडी बाजारात आणली. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाहेरून घेतलेल्या भागांतून जुळविला व त्याची तांत्रिक माहिती प्रसिद्ध केली. परिणामी काँपॅकसारख्या कंपन्यांना त्याच्याशी सुसंगत यंत्रे बनविता आली. १९८६ च्या सुमारास नियंत्रक मंडल तबकडीवरच बसविण्याची पद्धत रूढ झाली आणि जोडणीला प्रमाणित स्वरूप आले. ग्राहकाला जुनी तबकडी काढून दुसऱ्या कंपनीची, अधिक क्षमतेची तबकडी बसविता येऊ लागली. त्या काळी जगात तबकड्यांचे अनेक उत्पादक असल्याने किंमती झपाट्याने उतरल्या.

भारतातील वाटचाल : मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा अधिनियम, १९६९ आणि विदेशी चलन विनियमन अधिनियम, १९७३ यांच्या चौकटीत भारतीय संगणक उद्योग वाढला. परकीय भागभांडवलावरील मर्यादा मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय आवरता घेतला. त्यानंतर देशी कंपन्यांना वाव मिळाला. मुंबईची झेनिथ काँप्यूटर्स (१९८०) ही त्यांपैकी एक होय. तथापि परवाने व भारी आयात शुल्क यांमुळे स्पर्धा मर्यादित व संगणक महाग राहिले. नोव्हेंबर १९८४ चे संगणक धोरण, १९९१ चे उदारीकरण आणि १९९७ मध्ये भारताने स्वीकारलेला माहिती तंत्रज्ञान करार यांमुळे ही बंधने क्रमाने सैल झाली.

या काळात मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून गावोगावचे कारागीर संगणक जुळवून देऊ लागले. नामांकित कंपन्यांना खरी स्पर्धा या जुळणी केलेल्या यंत्रांचीच होती, कारण ग्राहक आपल्या गरजेपुरती साठवण निवडू शके. मात्र पावतीविना विक्री व अनधिकृत आज्ञावल्या यांमुळे नियमाने व्यापार करणाऱ्यांवर अन्यायही होई.

वाढती गरज व घटते उत्पादक : साठवणीची गरज केवळ ग्राहकाच्या कामाने ठरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ या प्रचालन प्रणालीस सुमारे ५० मेगाबाइट, विंडोज एक्सपीस (२००१) दीड गिगाबाइट, तर विंडोज ११ (२०२१) साठी किमान ६४ गिगाबाइट जागा आवश्यक ठरविण्यात आली. पत्रलेखनाचे काम तेच राहिले, तरी त्यासाठी लागणारे यंत्र बदलावे लागले. दुसरीकडे उत्पादक घटत गेले. २०११-१२ मध्ये सीगेटने सॅमसंगचा तबकडी व्यवसाय आणि वेस्टर्न डिजिटलने हिताची कंपनीचा तोच व्यवसाय ताब्यात घेतला. तोशिबा धरून तीनच प्रमुख उत्पादक उरले. याच सुमारास थायलंडमधील महापुराने (२०११) कारखाने बंद पडले व जगभर तबकड्यांच्या किंमती वाढल्या. पुरवठा थोड्या हातांत व थोड्या ठिकाणी एकवटल्याचे दुष्परिणाम त्यातून दिसून आले.

पुढे लॅपटॉपमध्ये अर्धसंवाहक साठवण आली. ती वेगवान व धक्के सोसणारी असली, तरी अनेक स्वस्त वा अतिशय पातळ यंत्रांत ती मुख्य मंडलावरच डाख देऊन पक्की केलेली असते. अशा यंत्रात साठवण अपुरी पडल्यास भाग बदलता येत नाही. खरेदीच्या वेळी कंपनी सांगेल त्या दराने अधिक जागा घ्यावी लागते. प्रमाणित जोडणीने दिलेले स्वातंत्र्य येथे संपते.

कायदा : स्पर्धा अधिनियम, २००२ मधील गैरव्यवहारविषयक तरतुदी २० मे २००९ पासून अंमलात आल्या. जुन्या अधिनियमाचा रोख कंपनीच्या आकारमानावर होता; नव्याचा तिच्या वर्तनावर आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगणक-प्रक्रियकांच्या बाजारात इंटेलचे प्रभुत्व मान्य केले, परंतु त्याचा गैरवापर झाल्याचे न आढळल्याने प्रकरण बंद केले. प्रभुत्व हा स्वतः अपराध नव्हे, हे तत्त्व यातून स्पष्ट होते. भाग न बदलता येण्याचा प्रश्न मात्र स्पर्धेइतकाच दुरुस्तीच्या हक्काचा आहे. त्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये समिती नेमली.

हिंगोली जिल्हा : परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेला हा पाच तालुक्यांचा कृषिप्रधान जिल्हा या उद्योगाचा ग्राहक आहे. सातबारा उतारे, शासकीय दाखले व परीक्षांचे अर्ज संगणकावर गेल्याने साठवण व दुरुस्ती हे वसमत वा सेनगाव येथील सेवा केंद्रचालकाच्या रोजच्या व्यवसायाचे प्रश्न झाले. यंत्र नादुरुस्त झाल्यास त्याची मिळकत थांबते आणि शेतकऱ्याचा दाखलाही अडतो. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय तरंगांच्या वेधासाठी लायगो-इंडिया प्रकल्प उभारला जात असून त्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळा सुरू झाल्यावर तिच्या निरीक्षणांसाठी प्रचंड साठवण लागेल. मोठी संस्था उत्पादकाशी दराची व सेवेची बोलणी करू शकते; एकच लॅपटॉप घेणाऱ्यास ते शक्य नसते. त्याचे संरक्षण बाजारातील अनेक विक्रेते व सहज बदलता येणारा भाग यांनीच आजवर केले आहे.